एकोणचाळीस तासांचं चरित्र

चरित्र लिहायला घेतलं की जन्म, बालपण, शिक्षण, कार्य, निधन असे भाग आपण आधीच पाडून ठेवतो. पॅट्रिक बूव्हिए केनेडीच्या बाबतीत यातले पहिला आणि शेवटचा असे दोनच भाग आहेत. ७ ऑगस्ट १९६३ ला दुपारी १२ वाजून ५२ मिनिटांनी तो जन्मला आणि ९ ऑगस्टला पहाटे ४ वाजून ४ मिनिटांनी गेला. मधे ३९ तास आणि १२ मिनिटं. तो एक शब्द बोलला नाही, आईच्या घरी एक रात्र झोपला नाही. तरी त्या दोन दिवसांत अमेरिकेतल्या कोट्यवधी लोकांना त्याचं नाव माहीत झालं, आणि आजही नवजात बालकांच्या डॉक्टरांच्या पुस्तकांत ते नाव अधूनमधून येतं.

यातलं पहिलं कारण त्याचे वडील. जॉन एफ. केनेडी तेव्हा अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होते, आणि त्या पदावर बसलेले पहिलेच कॅथलिक. पदावर असलेल्या राष्ट्राध्यक्षाला मूल होण्याची विसाव्या शतकातली ही पहिलीच वेळ. त्यामुळे जॅकलीन केनेडींना दिवस गेल्याची बातमी बाहेर आली तेव्हापासून सगळा देश जणू घरातलंच कुणी बाळंतपणाला आल्यासारखा वाट बघत होता.

जॅकलीनबाईंची आधीची बाळंतपणं मात्र सोपी गेली नव्हती. १९५५ मध्ये गर्भपात झाला. १९५६ च्या ऑगस्टमध्ये मुलगी झाली ती मृतच; तिचं नाव अ‍ॅराबेला ठेवलं होतं असं सांगतात. मग १९५७ मध्ये कॅरोलाइन आणि १९६० मध्ये जॉन ज्युनियर, तोही सिझेरियनने आणि दिवस भरण्याआधीच. त्यामुळे या वेळी सगळी काळजी घेतली होती. वॉशिंग्टनच्या लष्करी इस्पितळात ठरवून सिझेरियन करायचं नक्की झालं होतं. उन्हाळ्यासाठी कुटुंब केप कॉडच्या समुद्रकिनारी गेलं होतं, तिथे जवळच्या ओटिस हवाईतळाच्या इस्पितळातही, वेळ आली तर असावी म्हणून, एक खोली तयार ठेवली होती.

वेळ आलीच. ७ ऑगस्टच्या सकाळी जॅकलीनबाई मुलांना घोडेस्वारीला घेऊन गेल्या होत्या. तिथे कळा सुरू झाल्या. डॉक्टरांनी त्यांना हेलिकॉप्टरने ओटिसला नेलं आणि तातडीने सिझेरियन केलं. दिवस भरायला अजून साडेपाच आठवडे होते. केनेडी वॉशिंग्टनहून विमानाने निघाले, पण पोचेपर्यंत बाळ जन्मलेलं होतं. वजन ४ पौंड साडेदहा औंस, म्हणजे आपल्या हिशेबात २ किलो १०० ग्रॅमच्या आसपास. लहान खरं, पण फार काही नाजूक नाही. आजच्या कुठल्याही प्रसूतिगृहात या वजनाची बाळं रोज दिसतात.

पण श्वास नीट नव्हता. तळावरच्या धर्मगुरूंनी लगेच त्याला बाप्तिस्मा दिला. आपल्यापैकी जे कॅथलिक आहेत त्यांना याचा अर्थ सांगायला नको. मूल धोक्यात असेल तर चर्चमधल्या सोहळ्याची वाट बघत नाहीत. धर्मगुरू नसेल तर नर्सही पाणी घालू शकते. बाप्तिस्मा घाईने झाला म्हणजे तिथल्या माणसांना बाळ जगेल याची खात्री नव्हती. नाव ठेवलं पॅट्रिक, केनेडींच्या आजोबांचं. आयर्लंडहून आलेल्या पणजोबांचंही तेच नाव होतं.

बाळाला काय होत होतं ते डॉक्टरांनी ओळखलं. श्वास फार जलद चालला होता आणि प्रत्येक श्वासाबरोबर तो कण्हत होता. बॉस्टनहून आलेल्या बालरोगतज्ज्ञांनी त्याला मोठ्या इस्पितळात हलवायला सांगितलं. आपल्याकडे म्हणतात तसं त्याला काचेत ठेवलं, काही मिनिटांसाठी आईच्या खोलीत नेलं, आणि मग अँब्युलन्सने बॉस्टनच्या चिल्ड्रन्स हॉस्पिटलकडे रवाना केलं. आई शस्त्रक्रियेतून उठलेली, तिला हलता येत नव्हतं. मायलेकांची भेट एवढीच.

रोगाचं नाव होतं हायलाइन मेम्ब्रेन डिसीज. आता त्याला रेस्पिरेटरी डिस्ट्रेस सिंड्रोम म्हणतात. या रोगाने गेलेल्या बाळांची फुप्फुसं सूक्ष्मदर्शकाखाली बघितली की आतल्या नळ्यांना काचेसारखा गुळगुळीत पापुद्रा चिकटलेला दिसायचा, म्हणून हे नाव. तो पापुद्रा हेच दुखणं आहे, बाळाच्या श्वासातून आत काहीतरी गेलं असावं, असं डॉक्टर बरीच वर्षं समजत होते. प्रत्यक्षात पापुद्रा हा नंतरचा परिणाम होता. मूळ दुखणं म्हणजे फुप्फुसात जी एक गोष्ट असायला हवी तीच नव्हती.

ती गोष्ट कोणती हे कळायला स्वयंपाकघरातली एक ओली प्लॅस्टिकची पिशवी घ्या. तिच्या दोन बाजू एकमेकींना चिकटून बसतात आणि उघडता उघडत नाहीत. पिशवी तीच, कोरडी असेल तर झटकन उघडते. चिकटवणारं आहे ते पाणी. पाण्याचे कण एकमेकांना ओढून धरतात आणि पृष्ठभाग जितका लहान करता येईल तितका लहान करतात. शाळेच्या विज्ञानात आपण यालाच पृष्ठताण म्हणून शिकलो. आपल्या फुप्फुसांत कोट्यवधी बारीक वायुकोश आहेत आणि प्रत्येकाला आतून पाण्याचा पातळ थर आहे. म्हणजे प्रत्येक उच्छ्वासाला हे वायुकोश ओल्या पिशवीसारखे मिटून जायला हवेत. त्यातही जितका लहान फुगा तितका तो फुगवायला जोर जास्त लागतो, हे फुग्यात पहिली फुंकर मारताना सगळ्यांनीच अनुभवलंय. मग आपण प्रत्येक श्वासाला असा जोर का लावत नाही?

कारण वायुकोशांच्या भिंतीतल्या काही पेशी एक स्निग्ध पदार्थ तयार करतात. त्यात साधारण ९० टक्के स्निग्ध द्रव्यं आणि १० टक्के प्रथिनं असतात. तो पाण्यावर पसरतो आणि साबण करतो तसा पृष्ठताण कमी करतो. वायुकोश लहान झाला की या पदार्थाचे कण दाटीवाटीने जवळ येतात आणि ताण आणखी उतरवतात, त्यामुळे श्वास सोडल्यावरही कोश पूर्ण मिटत नाही. याचं नाव सर्फॅक्टंट. पोटातल्या बाळाला त्याची गरज नसते, कारण तिथे प्राणवायू नाळेतून मिळतो. साधारण २४ व्या आठवड्याच्या सुमाराला तो तयार व्हायला लागतो आणि पुरेसा साठा होईपर्यंत ३४ वा, ३५ वा आठवडा उजाडतो. पॅट्रिक जन्मला तो नेमका या उंबरठ्यावर.

आपल्याकडे बायका सांगतात की सातव्या महिन्यातलं मूल वाचतं, आठव्यातलं वाचत नाही. सर्फॅक्टंटचा हिशेब याच्या बरोबर उलटा आहे. पोटात राहिलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या बाजूने असतो, सातव्यापेक्षा आठवा केव्हाही बरा. पॅट्रिकही आठव्या महिन्यातलाच होता. पण त्याच्यासारखी त्याच वजनाची, त्याच दिवसांची कितीतरी बाळं तेव्हाही वाचत होती. कुणाचा साठा चार दिवस आधी होतो, कुणाचा चार दिवस उशिरा, एवढाच फरक.

पॅट्रिकचा रोग म्हणजे डॉक्टरांना न उलगडलेलं कोडं होतं, आणि राष्ट्राध्यक्षांचं मूल गेल्यावर शास्त्रज्ञ कामाला लागले, अशी हकिकत अनेक ठिकाणी सांगितली जाते. ती खरी नाही, आणि खरी हकिकत जास्त बोचणारी आहे.

१९२९ मध्ये बाझेलला काम करणाऱ्या कुर्ट फॉन नीरगार्ड या डॉक्टरने डुकराचं फुप्फुस आधी हवेने आणि मग द्रवाने फुगवून बघितलं. द्रवाने फुगवायला फारच कमी दाब लागला. द्रव भरला की हवा आणि पाणी यांच्यातला पृष्ठभागच उरत नाही, म्हणून पृष्ठताणही उरत नाही. नवजात बाळांच्या श्वासाशी याचा संबंध असू शकेल हेही त्याला सुचलं होतं. त्याच्या निबंधाकडे पंचवीसेक वर्षं कुणी वळून पाहिलं नाही. मग १९५५ मध्ये इंग्लंडमध्ये रिचर्ड पॅटल आणि १९५७ मध्ये अमेरिकेत जॉन क्लेमेंट्स, हे दोघं वेगवेगळ्या वाटेने त्याच जागी पोचले. दोघंही लष्कराच्या रासायनिक शस्त्रांच्या संशोधनकेंद्रांत होते. विषारी वायूने फुप्फुसाचं काय होतं ते शोधताना पॅटलला फुप्फुसातून आलेल्या फेसाचे बुडबुडे फुटतच नाहीत असं दिसलं. क्लेमेंट्सने फुप्फुसातल्या अर्काचा पृष्ठताण मोजला, तर थर आकसला की तो जवळजवळ नाहीसा होत होता. माणसं मारायच्या विद्येच्या आवारात बाळांच्या श्वासाचं रहस्य सापडावं हा योगायोग मला अजून पचत नाही.

शेवटचा दुवा जोडला मेरी एलन एव्हरी या तरुण डॉक्टर बाईने. शिक्षण संपताच तिला क्षयरोग झाला होता आणि सक्तीची विश्रांती घ्यावी लागली होती. तेव्हापासून फुप्फुस हा तिचा विषय झाला. या रोगाने गेलेल्या बाळांच्या श्वासनळ्यांत फेस नसतो हे तिच्या ध्यानात आलं होतं. क्लेमेंट्सकडे जाऊन तिने ताण मोजायची रीत शिकून घेतली आणि हार्वर्डमध्ये जेरी मीड यांच्याबरोबर काम करताना दिवंगत बाळांच्या फुप्फुसांचे अर्क तपासले. हायलाइन मेम्ब्रेनने गेलेल्या बाळांच्या अर्कात ताण उतरतच नव्हता. सर्फॅक्टंट नव्हता. हे निष्कर्ष १९५९ मध्ये छापून आले.

म्हणजे पॅट्रिकला कशाची कमतरता आहे हे त्याच्या जन्माआधी चार वर्षं माहीत झालं होतं. ज्या हार्वर्डमध्ये ते कळलं, तिथलं सार्वजनिक आरोग्याचं विद्यालय आणि पॅट्रिकचं इस्पितळ बॉस्टनच्या एकाच परिसरात, चालत जायच्या अंतरावर आहेत. कारण सापडलं होतं, उपाय नव्हता.

नवजात बाळासाठी कृत्रिम श्वासोच्छ्वासाचं यंत्र तेव्हा अगदी मोजक्या ठिकाणी, प्रयोगाच्या पातळीवर होतं. उरला प्राणवायू. बॉस्टनच्या डॉक्टरांकडे जास्त दाबाची हवा भरता येणारी, सुमारे ३१ फूट लांबीची पोलादी खोली होती. ती मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांसाठी बांधलेली. दाब वाढवला तर प्राणवायू रक्तात जबरदस्तीने मिसळेल, असा विचार करून ८ ऑगस्टला दुपारनंतर पॅट्रिकला तिथे हलवलं. मिटलेले वायुकोश मात्र त्याने उघडणार नव्हते, आणि उघडले नाहीत.

केनेडी या दोन दिवसांत बायको आणि मुलगा यांच्यामध्ये विमानाने ये-जा करत होते. याच आठवड्यात, ५ ऑगस्टला, अणुचाचण्यांवर मर्यादा घालणाऱ्या करारावर मॉस्कोत सह्या झाल्या होत्या. आधीच्या वर्षी क्युबाच्या प्रश्नावर जग अणुयुद्धाच्या काठावर उभं होतं आणि हाच माणूस एका बाजूचे निर्णय घेत होता. आता दोन किलोच्या बाळासाठी त्याला काही करता येत नव्हतं. त्या रात्री ते इस्पितळातच थांबले. त्यांच्या सोबत्यांनी पुढे लिहिलंय की इस्पितळात त्यांना एक भाजलेलं लहान मूल दिसलं, तेव्हा ते थांबले, त्याच्या आईचं नाव विचारून घेतलं आणि तिला धीर देणारी चिठ्ठी लिहिली. मध्यरात्रीनंतर त्यांना उठवलं. पहाटे ४ वाजून ४ मिनिटांनी पॅट्रिकचं हृदय थांबलं.

या रोगात बाळ पहिले तीनेक दिवस तग धरलं की त्याच्या स्वतःच्या पेशी सर्फॅक्टंट तयार करायला लागतात आणि पुष्कळदा बाळ सुधारतं. पॅट्रिकला बहुधा आणखी दोनेक दिवसच हवे होते. ते त्याला मिळवून देण्याचं साधन १९६३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षालाही मिळत नव्हतं.

१० ऑगस्टला कार्डिनल कुशिंग यांनी बॉस्टनमधल्या आपल्या निवासस्थानाच्या चॅपेलमध्ये मिस्सा अर्पण केला. बाप्तिस्मा झालेल्या बाळासाठी शोकाचा मिस्सा नसतो; देवदूतांचा मिस्सा होतो, पांढऱ्या वस्त्रांत. आई अजून इस्पितळातच होती, ती येऊ शकली नाही. लग्नात बायकोने दिलेली सेंट क्रिस्टोफरची खूण केनेडींनी शवपेटीत ठेवली. पेटी इतकी लहान की तिला मिठी मारता येत होती, आणि त्यांनी ती मारली. चारचौघांत न रडणारा म्हणून ओळखला जाणारा हा माणूस तिथे ढसाढसा रडला. साडेतीन महिन्यांनी, २२ नोव्हेंबरला, डॅलसमध्ये त्यांची हत्या झाली. डिसेंबरच्या सुरुवातीला पॅट्रिक आणि अ‍ॅराबेला या दोन्ही बाळांच्या पेट्या आणून आर्लिंग्टनला वडिलांच्या शेजारी पुरल्या.

इथे चरित्र संपतं. पण पॅट्रिकला जे हवं होतं ते कसं मिळत गेलं, हेही सांगायला हवं.

आठवतं ना, पॅट्रिक कण्हत होता? ते कण्हणं वेदनेचं नसतं. श्वास सोडताना बाळ घसा अर्धवट मिटून हवा आत धरून ठेवायला बघतं, म्हणजे वायुकोश मिटणार नाहीत. बाळाला स्वतःलाच उपाय माहीत असतो, फक्त ते थकतं. १९७१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या जॉर्ज ग्रेगरी आणि सहकाऱ्यांनी हेच काम बाहेरून केलं: बाळाच्या श्वासमार्गात सतत थोडा दाब ठेवला. २० बाळांपैकी १६ वाचली. आज सीपॅप म्हणतात तो हाच उपाय.

न्यूझीलंडमध्ये ग्रॅहम लिगिन्स मेंढ्यांवर काम करत होता. प्रसूतीची कळ कशाने सुरू होते हा त्याचा प्रश्न. स्टेरॉइड दिलेल्या मेंढीचं फार लवकर जन्मलेलं कोकरू खरं तर मरायला हवं होतं, ते श्वास घेत होतं. स्टेरॉइडने फुप्फुस लवकर पिकलं होतं. रॉस हाऊईबरोबर त्याने हे अकाली प्रसूतीच्या वाटेवरच्या बायकांमध्ये तपासलं आणि १९७२ मध्ये निष्कर्ष छापले. स्वस्त, साधं इंजेक्शन. पण ते सर्रास वापरात यायला आणखी वीसेक वर्षं लागली. वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या बोधचिन्हात ज्या आडव्या रेघा आहेत, त्या याच स्टेरॉइडच्या चाचण्यांच्या आहेत. पुरावा समोर असून वेळेवर वापरला नाही, याची ती आठवण.

आणि १९८० मध्ये जपानच्या तेत्सुरो फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसातून काढलेला सर्फॅक्टंट थेट १० बाळांच्या श्वासनळीत सोडला आणि बाळं सुधारली. १९९० पासून अमेरिकेत सर्फॅक्टंट औषध म्हणून मिळायला लागला. मेरी एलन एव्हरी १९७४ मध्ये बॉस्टनच्या चिल्ड्रन्स हॉस्पिटलची प्रमुख डॉक्टर झाली, त्या पदावरची पहिली स्त्री. पॅट्रिकला जिथे वाचवता आलं नाही, तेच हे इस्पितळ.

हे सगळं दूरच्या देशांतलं वाटेल, पण एक धागा थेट बेळगावपर्यंत येतो. श्रीमंत देशांत चाललेलं स्टेरॉइड गरीब देशांतल्या इस्पितळांत चालेल का, याबद्दल शंका निर्माण झाली होती. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, ज्यात बेळगाव आणि नागपूरही होतं, फायदा तर दिसला नाहीच, उलट मृत्यू किंचित वाढलेले दिसले. मग जागतिक आरोग्य संघटनेने भारत, बांगलादेश, पाकिस्तान, केनिया आणि नायजेरिया या पाच देशांतल्या २९ इस्पितळांत, २६ ते ३४ आठवड्यांच्या गर्भवतींवर, सगळी काळजी घेऊन पुन्हा चाचणी केली. त्यातही बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजचा सहभाग होता. २०२० मध्ये उत्तर आलं: डेक्सामेथासोन दिलेल्या गटात नवजात मृत्यू १९.६ टक्के, न दिलेल्या गटात २३.५ टक्के. साधारण २५ बायकांना इंजेक्शन दिलं तर एक बाळ जास्त वाचतं. आकडा लहान वाटतो, पण ते एक बाळ कुणाच्या तरी घरातलं असतं.

पॅट्रिक मेला म्हणून ही बाळं जगली, असं मला म्हणायचं नाही. तसं म्हणणं श्रद्धेचं वाटतं, पण मला ते बाळावर अन्याय करणारं वाटतं. कुणाच्या उपयोगी पडण्यासाठी तो जन्मला नव्हता. त्याच्या आईबापांना तो हवा होता, एवढंच. त्या एका वर्षात अमेरिकेत हजारो बाळं याच रोगाने गेली आणि त्यांची नावं त्यांच्या घराबाहेर कुणाला ठाऊक नाहीत. पॅट्रिकच्या नावामुळे एवढं झालं की सगळ्यांच्या घरात घडणारं दुःख एकदा पहिल्या पानावर आलं, आणि अकाली जन्मलेलं बाळ गेलं तर नशीब म्हणून सोडून द्यायचं नाही, हे लोकांना आणि सरकारला पटायला मदत झाली. बाकीचं काम कोकरांकडे, बुडबुड्यांकडे, फेसाकडे वर्षानुवर्षं लक्ष देऊन बघणाऱ्या माणसांनी केलं.

साडेचौतीस आठवड्यांचं, दोन किलो शंभर ग्रॅमचं बाळ आज सोयी असलेल्या इस्पितळात जन्मलं तर जवळजवळ नेहमी वाचतं. दोन-तीन दिवस नाकात नळी, फार तर सर्फॅक्टंटचा एखादा डोस, आणि मग आईचं दूध. दोन-तीन आठवड्यांत ते घरी जातं, आणि त्याची बातमी होत नाही.